कृत्रिम रेतनाचं ट्रेनिंग घेताय? आधी तारीख विचारायला शिका

आमच्या फलटण भागात दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी बारावी झालेली पोरगी नाहीतर पोरगा विचारतो, ताई तुम्ही ते गाई भरवायचं शिकलात ते कुठं, आणि त्यात पोट भरतं का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी रस्ते कुठले ते. नीटची प्रवेश परीक्षा देऊन बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, केली तर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, ते झाले डॉक्टर. दहावीनंतर शेतीच्या पदविकेसाठी कृषी तंत्र विद्यालयं आहेत, ती राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांखाली येतात. जनावरांचंच करायचं असेल तर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या पदविका बघा, नियम बदलत राहतात म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, एजंटचं ऐकू नका. मी केलं ते ‘मैत्री’चं, म्हणजे गावपातळीवरच्या कृत्रिम रेतन तंत्रज्ञाचं ट्रेनिंग, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमधलं, तीन महिन्यांचं, एक महिना वर्ग आणि दोन महिने फिल्ड. यात नोकरी नाही हे आधीच डोक्यात घ्या, पगार नसतो, शेतकरी देतो त्या फीवर आपलं चालतं. आमच्या घरी हे शेवटपर्यंत कुणाला पटलं नव्हतं आणि पहिलं वर्ष खरंच ओढाताणीचं गेलं.

वर्गाचा महिना सोपा जातो. खरं कसब हाताला यायला लागतं ते फिल्डवर. सुरुवातीला कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशीच्या गर्भाशयावर सराव देतात, टेबलावर सगळं दिसत असतं त्यामुळं वाटतं जमलं. मग खऱ्या गाईत डावा हात शेणाच्या वाटेनं कोपरापर्यंत घालायचा, आतून गर्भाशयाचं मुख चाचपायचं, ते कोंबडीच्या मानेसारखं कडक लागतं, आणि उजव्या हातातली गन, म्हणजे वीर्य सोडायची लांब बारीक नळी, त्यातल्या कड्यांमधून पुढं न्यायची. गाय जोर लावते, हात बधिर होतो, बोटांना काहीच कळत नाही. मला पहिले आठ दिवस नुसतं मऊ मऊ लागायचं, रात्री रडले पण. मग एका दिवशी अचानक लागलं, आणि त्यानंतर कधी चुकलं नाही. नखं कापा, बांगड्या अंगठी काढून ठेवा, आणि जितकी जनावरं मिळतील तितकी तपासा, सर्टिफिकेटपुरती मोजून थांबू नका.

स्ट्रॉचं, म्हणजे गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीचं, काम पण तसंच, घाई केली की गेलं. कॅनमधल्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला असते ती, कॅनिस्टर, म्हणजे स्ट्रॉ ठेवलेलं आतलं भांडं, कॅनच्या गळ्याच्या वर आणायचं नाही, चिमट्यानं पटकन एक काढायची, ३७ डिग्रीच्या पाण्यात ३० सेकंद, मग कोरडी पुसायची कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. थंडीत पहाटे गन बर्फासारखी असते, मी ती हातानं चोळून अंगाशी धरून गरम करते. थर्मामीटर नसताना अंदाजे कोमट पाणी वापरणारे बघितलेत, मग गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, की बैलाला दोष.

माज ओळखणं हे पण आपलंच काम आहे, फक्त शेतकऱ्याचं नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसरी गाय वर चढली आणि ही गपगार उभी राहिली तर पक्का माज. सोट, म्हणजे माजात गळणारा चिकट स्राव, काचेसारखी स्वच्छ पाहिजे, गढूळ किंवा पूसारखी असेल तर भरायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर कळतच नाही, रात्री-पहाटे गोठ्यात जाऊन बघणाऱ्या घरचीच म्हैस वेळेवर गाभण राहते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझं दुसरं वर्ष होतं. एका वस्तीवरून फोन आला, गाय हंबरतीय, चढतीय, लगेच या. मी गेले, त्या दिवशी आणखी तीन कॉल होते, घाईत गन घातली. मुखाशी जरा अडलं, मी जोर लावला आणि भरून निघून आले. आधी कधी भरली होती ते विचारलंच नाही. ती तीन महिन्यांची गाभण होती, दुसऱ्याच माणसानं भरलेली. गाभण असून पण काही गाई माज दाखवतात, आणि गाभण गाईचं मुख चिकट बुचानं बंद असतं, मी तेच फोडलं होतं. पाचव्या दिवशी गाय गाभडली. त्या घरात ती एकच दुभती गाय होती. मी जाऊन माझी चूक झाली असं सांगितलं, त्या मावशी काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या गाईच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या, ते मला अजून दिसतं.

त्यानंतर माझ्या वहीत रकाने आहेत: कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, शेवटची व्यायली कधी, शेवटची भरली कधी आणि कुणी, स्ट्रॉवरचा बैलाचा नंबर. तारीख ठाऊक नसेल तर आधी हात घालून गर्भ तपासायचा, आणि शंका राहिली तर गन बाहेरच. शेतकरी चिडतो, चिडू दे. २१ दिवसांनी फोन करून माजावर आली का विचारते, अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासते. हे फोन फुकटचे असतात पण माझं गिऱ्हाईक त्यांच्यावरच टिकलंय.

दुसरं म्हणजे लोक तुम्हाला डॉक्टर म्हणतील. दर वेळी सांगा की मी डॉक्टर नाही. अडलेलं वासरू, व्यायल्यावर आडवी पडलेली गाय, अडकलेली वार, यातलं काही आपलं नाही, नोंदणीकृत पशुवैद्यकाचा नंबर हाताशी ठेवा आणि त्यांना बोलवा. वार किंवा गाभडलेला गर्भ उघड्या हातानं तर कधीच धरू नका, ब्रुसेला हा जनावरं गाभडवणारा रोग माणसालाही होतो.

खर्चाचं म्हणाल तर गाडीचं पेट्रोल आणि नायट्रोजन हे दोनच मोठे. कॅनमधली पातळी दर दोन दिवसांनी काठी बुडवून बघा, काठीवर पांढरं दव कुठपर्यंत धरतं त्यावरनं कळतं. सणासुदीला, पावसात रस्ता बंद व्हायच्या आधी, भरून घ्या. कॅन गाडीला उभाच बांधायचा, आडवा नाही.