घरच्या घरी चांदीची जोडवी: सगळं काम सांध्यावर

चांदीकाम शिकायचं तर सुरुवात बंद वळ्याच्या साध्या जोडव्यांपासून करावी. तार थोडी लागते, आणि तापवणं, वळवणं, झाळणं, घासणं हे सगळं एकाच दागिन्यात हाताखालून जातं.

सराफाकडून ९२५ ची (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेली), २ मिमी जाडीची गोल तार घ्या. शुद्ध चांदी फार मऊ असते, ती पायात वेडीवाकडी होते. ९२५ मधल्या साडेसात टक्के तांब्यामुळे कणखरपणा येतो. सोबत चांदीचं सोल्डर (सांधा झाळायचा धातू) घ्या आणि त्यात कॅडमियम नाही ना, हे नक्की विचारा. कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना अतिशय घातक असतो. रेडिओ दुरुस्तीचं शिसं-कथिलाचं सोल्डर तर चांदीजवळ आणूच नका. पुढे कधी तो दागिना तापवला की शिसं चांदी खातं आणि खड्डे पडतात.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कागदाची पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळा, मग तशीच पुढे सरकवून बघा. बोटाच्या फुगीर टोकावरून ती निघाली पाहिजे. पट्टीच्या लांबीत ६.३ मिमी मिळवा. ही भर तारेच्या जाडीपोटी (२ × ३.१४), आणि ती विसरली की जोडवं हमखास घट्ट होतं. पट्टी ४७ मिमी भरली तर तार ५३ मिमी लागेल. टोकं कानसायला धरून ५५ कापा. एक जोडवं साधारण पावणेदोन ग्रॅमचं होतं.

तार वळवण्याआधी तावून मऊ करा. तारेवर काळ्या मार्करची रेघ ओढा, भट्टीच्या विटेवर ठेवून छोट्या ब्यूटेन टॉर्चने फिरवत तापवा. रेघ उडाली, अंधुक उजेडात फिकट लाली दिसली की थांबा. लाली गेल्यावर पाण्यात टाका. आता योग्य जाडीच्या लोखंडी सळईवर लाकडी हातोडीने वळवा. लोखंडी हातोडीचे वळ उठतात आणि ते घासून काढण्यात चांदीच झिजते.

आता सांधा. सोल्डर फट भरत नाही, ते घट्ट भिडलेल्या दोन तोंडांमध्ये ओढलं जातं. म्हणून दोन्ही टोकं सपाट कानसा, एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन सोडा, म्हणजे ती स्वतःच्या ताणाने भिडून राहतील. वळं दिव्यासमोर धरा. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा कानस. इथे कंटाळा केला की जोडवं पुढे फरशीवर आपटून नेमकं तिथेच उघडतं.

टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात कालवून सांध्याला आणि सगळ्या वळ्याला लावा. नाहीतर तांबं काळवंडून पृष्ठभागाखाली करडे-जांभळट डाग धरतं. सोल्डरचा १ मिमीचा तुकडा सांध्यावर ठेवा. खिडक्या उघड्या, अंगावर सुती कपडे, आणि स्वयंपाकाच्या गॅसपासून लांब. टाकणखार आधी फसफसतो, पांढरा पडतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो. ज्योत तुकड्यावर नको, सगळ्या वळ्यावर फिरवा. चांदी उष्णता झपाट्याने पसरवते, त्यामुळे सगळं वळं तापल्याशिवाय सांधा तापत नाही. शेवटी ज्योत सांध्यावर आणा. एक चकचकीत रेघ सांध्यातून सर्रकन धावते. त्याच क्षणी ज्योत बाजूला. ९२५ चांदी ८९० अंशांच्या आसपास वितळते, सोल्डर साधारण ७००–७५० ला, म्हणजे हातात वेळ फार थोडा. पृष्ठभाग ओला-ओला दिसू लागला तर उशीर झालाच.

तुकड्याची गोळी होऊन ती तशीच बसली तर सांधा मळका आहे, किंवा टाकणखार जळून गेलाय. तापवत राहू नका. थंड करून साफ करा, ताजा टाकणखार लावून पुन्हा घ्या. सोल्डर एकाच बाजूला चढलं तर ती बाजू जास्त तापली होती. ते नेहमी उष्णतेकडे धावतं.

थंड झाल्यावर २५० मिली गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून, काचेच्या भांड्यात जोडवं १५–२० मिनिटं ठेवा. बाहेर काढायला बांबूचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा. लोखंडाचा चिमटा बुडवला की चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. ते भांडं परत स्वयंपाकात नको.

सळईवर चढवून लाकडी हातोडीने गोल करा. तापवण्याने गेलेला कणखरपणाही ठोकण्याने परत येतो. मग बारीक कानस, आणि ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर या क्रमाने. एखादा टप्पा गाळला की आधीचे ओरखडे चकाकीत उठून दिसतात. आतली कड बोटाने चाचपा, ती पायाच्या बोटाला घासते. शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रश.

काळपट झाक हवी असेल तर गरम उकडलेलं अंडं कुस्करून जोडव्यांसोबत झाकणाच्या डब्यात काही तास ठेवा. अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. उंच भाग पुसून घ्या, खोबणीत काळं राहू द्या.

कानशीचा चुरा कागदावर गोळा करा, लोहचुंबक फिरवून लोखंड काढा आणि डबीत साठवा. सराफ तो वजनावर घेतो.