बोटीच्या इंजिनचा बझर गप्प असेल तर जास्त घाबरा

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर मला हाक येते ती बहुतेक एकाच कामासाठी, इंजिनचा धोका सांगणाऱ्या बझरसाठी. "वायरमन, तो बझर सारखा कोकलतोय, जरा गप कर." बझर वाजत नाही म्हणून मात्र कुणी बोलावत नाही. ऑइल संपलं तरी गप्प राहणारा बझर कितीतरी महागात पडतो. वाजणाऱ्या बझरचा दोष निदान कळतो तरी.

आधी जोडणी समजून घ्या. मी बोलतोय ते साध्या डिझेल इंजिनबद्दल, ज्याला कॉम्प्युटर नाही. बॅटरीचं प्लस फ्यूजमधून चावीला येतं, चावीतून बझरच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाची वायर खाली इंजिनवरच्या दोन स्विचांकडे जाते, एक ऑइल प्रेशरचा आणि एक पाण्याच्या गरमीचा. दोघांचं काम एकच, ती वायर इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडून देणं. ऑइलचा स्विच प्रेशर नसताना जोडलेला असतो आणि इंजिन चालू होऊन प्रेशर आलं की उघडतो. गरमीचा त्याच्या उलट. थंड असताना उघडा, आणि अंगावर कोरलेल्या डिग्रीला पोचला की जोडतो.

म्हणून चावी ऑन केली आणि सेल्फ मारायच्या आधी बझर वाजला, की समजायचं ऑइलची बाजू ठीक आहे. ही तपासणी रोज फुकटात होते. काही पॅनेलमध्ये ऑइलचा बझर इंजिन चालू झाल्यावरच जागा होतो, तेव्हा तुमच्या बोटीवर पूर्वीपासून काय होत होतं ते जुन्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारून घ्या.

आता बझर चालू इंजिनवर वाजतोय. वायरिंगवर संशय घेण्याआधी इंजिन बंद करा आणि डिपस्टिक काढा. ऑइल बरोबर आहे? मग समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी बघा, प्लास्टिकची पिशवी चिकटली की इंजिन तापायला वेळ लागत नाही. पंपाचा इंपेलर, म्हणजे आतला पाणी ढकलणारा पंखा, बघा. पॅनेलवरचं घड्याळ प्रेशर दाखवतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. घड्याळाचा सेंडर, म्हणजे इंजिनवरून त्याला आकडा पाठवणारा भाग, आणि बझरचा स्विच बहुतेक वेळा वेगळे असतात. एकाच सेंडरला दोन टोकं असली, तर 'जी' लिहिलेलं टोक घड्याळाचं आणि 'डब्ल्यूके' लिहिलेलं बझरचं.

हे सगळं ठीक निघालं की वायरिंगकडे वळा. इंजिन बंद, चावी ऑन, बझर वाजतोय. ऑइल स्विचची वायर काढून कशालाही टेकणार नाही अशी धरा. बझर थांबला, तर वायर चांगली आहे. मग एकतर स्विच आतून चिकटलाय, नाहीतर प्रेशर खरोखरच येत नाही. हा निकाल फक्त स्विचच्या जागी साधं मेकॅनिकल प्रेशर घड्याळ बसवून, इंजिन चालवूनच लागतो. नवा स्विच घालून "बघू काय होतंय" म्हणणं म्हणजे इंजिनवर जुगार. वायर काढूनही बझर वाजतच राहिला, तर गरमीच्या स्विचचीही काढा. दोन्ही मोकळ्या आणि तरी आवाज चालूच, तर वायर वाटेत कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय. लोखंडी ब्रॅकेटवरून जिथे वळते तिथे आणि इंजिन रूमच्या फळीतल्या भोकात आधी बोट फिरवून बघा.

गप्प बझरचं काम याहून किचकट. चावी ऑन करा, ऑइल स्विचची वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या घासून चकचकीत केलेल्या जागेला टेकवा. रंगावर टेकवून उपयोग नाही. बझर वाजला, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. गळती नको म्हणून कुणीतरी स्विचच्या आट्यांवर सफेद टेप भरपूर गुंडाळलेली असते, आणि अर्थ जातो तो त्या आट्यांमधूनच. नाही वाजला, तर बझरपर्यंत वर चढा. प्लसच्या टोकाला करंट आहे का? नसेल तर फ्यूज आणि चावी. फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटाची चांदी सापडली, तर ती आधी काढून फेका. करंट असेल तर बझरचं मायनस वेगळ्या वायरने थेट बॅटरीच्या मायनसला जोडा. तरीही मुका, तर बझर गेला. नवा आणताना व्होल्ट बघा, २४च्या बोटीवर १२चा जळतो आणि १२च्या बोटीवर २४चा कुजबुजतो. प्लस-मायनस उलटं झालं तरी अनेक बझर वाजत नाहीत.

सगळ्यात जास्त सुटते ती गरमीची बाजू. चावी ऑन केल्यावरचा आवाज फक्त ऑइलच्या बाजूचा, गरमीची वायर तुटलेली असली तरी तो येतोच. त्यामुळे ती मुद्दाम वेगळी तपासावी लागते. ऑइलची वायर काढा, बझर गप्प होईल. मग गरमीच्या स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा. वाजला पाहिजे. ही झाली वायरची खात्री, स्विचची नाही. त्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना स्विच काढा, टोप भरून पाणी तापवा आणि स्विचचा फक्त पितळी भाग त्यात बुडवा. मीटर टोकाला आणि बॉडीला, थर्मामीटर पाण्यात. कोरलेल्या डिग्रीच्या आसपास मीटरने बीप दिला पाहिजे. आकडा १०० च्या वर असेल तर पाण्यात जमणार नाही, ते पार्ट बदलूनच घ्या. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्यावर असते तेव्हा हे करून टाकायचं.

मीटर कुठे फसवतो तेही सांगतो. वायर वरून छान दिसते, प्लास्टिक सोललं की आतलं तांबं हिरवं-काळं, चिमटीत धरलं तर भुगा. अशा वायरीतून एखादीच तार शिल्लक असली तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट लागतच नाही. म्हणून प्लसची वायर तपासताना मी गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतो. बल्ब पिवळा पडला की वायर गेली. २४च्या बोटीला २४चाच बल्ब घ्या, आणि तो ऑइल स्विचमधून कधी लावू नका, आतले पॉइंट नाजूक असतात.

नवीन वायर टाकाल ती कथिल चढवलेल्या तांब्याची टाका. वायरीच्या टोकाचं थिंबल पक्कडने चेपू नका, क्रिंपिंगच्याच हत्याराने दाबा आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवा. साधी टेप खाऱ्या हवेत एका हंगामात चिकट लगदा होते, शिवाय आत पाणी धरून ठेवते. जोड बोटीच्या तळाच्या पाण्यापासून वर घ्या. वायरीला नाव लिहा, हा माझा हट्ट आहे.

पॅनेलवर दिवेही असतील आणि ऑइल आणि गरमी दोन्हींचे एकदम लागायला लागले, तर बहुतेक पॅनेलमागचा डायोड, म्हणजे करंट एकाच बाजूला जाऊ देणारा पार्ट, शॉर्ट झालेला असतो. स्विचला दोन टोकं असून एकही बॉडीला जात नसेल, तर वायर बॉडीला न टेकवता ती दोन टोकंच एकमेकांना जोडून तपासा. मालवण-तारकर्लीकडच्या आउटबोर्डवाल्यांनी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून इंजिन लावणाऱ्यांनी, आणि कॉम्प्युटरवाल्या डिझेल इंजिनवाल्यांनी मात्र यातलं काही करू नये. तिथे बीप किती आणि कसे वाजतात यावरून दोष ओळखतात, त्याचा तक्ता इंजिनच्या पुस्तकात असतो, आणि बल्ब लावला तर कॉम्प्युटर जाऊ शकतो. पेट्रोलच्या वासात वायर टेकवून ठिणगी काढायची नाही, हे तर सांगायलाच नको.