घरच्या नोंदींचं वेब ॲप बनवताना या चुका टाळा

मिळकतकर, महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, एमएच १२ गाडीचा विमा आणि पीयूसी. पुण्यातल्या घरात एवढे कागद सहज साठतात. त्यांच्या नोंदी ठेवायला फ्लास्क (पायथन भाषेत वेब ॲप बनवण्याचं साधन) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) पुरेसं आहे. डेटाबेससाठी वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. सुट्टीच्या दोन दिवसांत ॲप उभं राहतं. एरर आली की आपण ती दुरुस्त करतोच. खरा घात करतात त्या एरर न देणाऱ्या चुका. ॲप छान चालतं, बेरीज मात्र चुकत राहते, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो.

बेरीज कमी का भरते?

एसक्यूलाइटमध्ये कॉलम इंटिजर म्हणजे पूर्णांकाचा केला तरी तो मजकूर नाकारत नाही. आईने मराठी कीबोर्डवरून वीजबिलाची रक्कम देवनागरी अंकांत भरली, तर ती मजकूर म्हणूनच साठते आणि सम फंक्शनने बेरीज काढताना शून्य धरली जाते. इंग्रजी अंकांत पण स्वल्पविराम देऊन 1,200 लिहिलं, तर बेरजेत फक्त १ धरला जातो! यादीत दोन्ही रकमा व्यवस्थित दिसतात, म्हणून शंकाही येत नाही. तपासायचं असेल तर साठवलेल्या मूल्याचा प्रकार सांगणारं टाइपऑफ फंक्शन लावा. ज्या ओळींपुढे टेक्स्ट म्हणजे मजकूर येईल त्या बिघडलेल्या.

उपाय सोपा आहे. पायथनच्या इंट (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या) फंक्शनला देवनागरी अंक कळतात, स्वल्पविराम कळत नाही. तेव्हा साठवण्यापूर्वी स्वल्पविराम काढा, मग इंट लावा. रुपयांसोबत पैसेही असतील तर पायथनचा डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) वापरून सगळी रक्कम पैशांत बदला आणि पूर्णांक साठवा. पैशाच्या हिशेबात फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नकोच. टेबल नव्याने करत असाल तर ते स्ट्रिक्ट (कॉलमचा प्रकार काटेकोर पाळणारं) करा. एसक्यूलाइटच्या २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून ही सोय आहे आणि मग इंटिजर कॉलममध्ये मजकूर शिरत नाही.

याच्या उलट, ग्राहक क्रमांक आणि फोन नंबर टेक्स्टमध्येच ठेवा. इंटिजर कॉलममध्ये ०२० चं पहिलं शून्य गळून पडतं.

नोंद आहे, पण सापडत नाही

गोऱ्हे बुद्रुकच्या जागेचा सातबारा तुम्ही नोंदवलाय, पण ‘गोऱ्हे’ शोधलं की यादी रिकामी येते. इथे ‘ऱ्ह’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, डेटाबेसला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करण्याची सोय) या जोडकाला हात लावत नाही. म्हणून दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी एक ओळ स्वतः लिहा आणि ती नोंद साठवताना लावा, शोधतानाही लावा. एकाच ठिकाणी लावली तर उपयोग नाही. मराठी वापरणाऱ्यांसाठी ॲप करायचं तर एवढं काम आपलंच आहे.

तारीख एक दिवस मागे

एसक्यूलाइटचा करंट टाइमस्टँप (नोंदीवर आपोआप पडणारी वेळ) यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. पहाटे दोनला केलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. बिल भरल्याची तारीख फॉर्ममधूनच घ्या आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवा, म्हणजे क्रमवारीही बरोबर लागते.

फोटो कुठे ठेवता?

आधार, पॅन, पॉलिसी यांचे फोटो फ्लास्कच्या स्टॅटिक फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथली फाइल फ्लास्क लॉगिन न विचारता देऊन टाकतो. लिंक कळली की कुणालाही उघडता येते. घरातल्या इतर फोनवरून ॲप वापरायला द्यायच्या आधी डीबग (चुका शोधण्यासाठीची सोय) बंद करा. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) फॉर्ममधला मजकूर थेट जोडू नका, त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा प्लेसहोल्डर वापरा. आणि कोड गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवत असाल तर डेटाबेसची फाइल गिटइग्नोर या वगळायच्या फाइलींच्या यादीत घाला. एकदा कमिट झालेली, म्हणजे गिटमध्ये नोंदली गेलेली फाइल नंतर पुसली तरी इतिहासात राहते.

बॅकअप

ॲप चालू असताना फाइल नुसती कॉपी केली तर कॉपी अर्धवट निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा, कॉपी दुसऱ्या संगणकावर उघडा, आणि नोंदींची संख्या व रकमांची बेरीज मूळ फाइलीशी ताडून पाहा.