बर्लिन फुकटात पाहायचंय? मग या चुका टाळा

बर्लिनमधल्या खरोखर बघण्यासारख्या बऱ्याच जागांना तिकीटच नाही. तरी लोक तिथे पैसे घालवतात, नाहीतर दारातून हात हलवत परत येतात. फुकट आहे म्हणजे वाटेल तेव्हा, वाटेल तसं जावं, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. जर्मनीत फुकटालाही नोंदणी, वार आणि ओळखपत्र लागतं.

राइशटागचा घुमट: विनंती पाठवली म्हणजे प्रवेश मिळाला असं समजणं

सगळ्यात जास्त घोडं इथेच अडतं. संसदेच्या इमारतीवरचा नॉर्मन फॉस्टर यांचा काचेचा घुमट रोज सकाळी ८ ते रात्री १२ उघडा असतो, शेवटचा प्रवेश रात्री पावणेदहाचा. शुल्क शून्य, पण नाव आधी नोंदवावं लागतं.

नोंदणी फक्त बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, अधिकृत साइटवर करा. 'घुमटाचं तिकीट' म्हणून पैसे घेणाऱ्या साइट्स शोधात वर दिसतात. तिथे तुम्ही गाईडचे नाहीतर दलालीचे पैसे देता, प्रवेशाचे नव्हे. अधिकृत साइटवर तारीख आणि पसंतीच्या वेळा निवडल्या की ईमेल येतो. तो ईमेल म्हणजे प्रवेशपत्र नव्हे. त्यातली लिंक उघडून प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख भरायची असते. मंजुरीचा ईमेल त्यानंतर वेगळा येतो आणि दारात तोच दाखवायचा असतो.

समजा, मुलगा बर्लिनला शिकतो, आईवडील पुण्याहून आलेत. मुलाने विनंती पाठवली, पहिला ईमेल बघून 'झालं काम' म्हणाला आणि लिंक काही उघडली नाही. वर आईवडिलांचे पासपोर्ट 'हरवायला नकोत' म्हणून हॉटेलच्या तिजोरीत, आणि मोबाईलमध्ये फक्त फोटो. दारात यादीत नाव नाही आणि हातात मूळ ओळखपत्रही नाही. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून इथे काही होत नाही. असा प्रसंग कुठल्याही उन्हाळ्यात बघायला मिळेल, आणि दोष दर वेळी घाई करणाऱ्याचाच असतो.

आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बहुतेकदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. फॉर्ममध्ये ते जसंच्या तसं भरा, घरी हाक मारतात ते नाव नको. मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा आणि पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण विमानतळासारखी तपासणी होते. ट्रॉली बॅग घेऊन स्टेशनवरून थेट येऊ नका.

नोंदणी राहून गेली असेल तर समोरच्या शायडेमानश्ट्रासवर सेवाकेंद्र आहे. जागा शिल्लक असेल तर किमान दोन तास पुढची वेळ मिळते. सूर्यास्ताच्या वेळेवर सगळ्यांचा डोळा असतो. सकाळी आठची किंवा रात्री नऊनंतरची वेळ मागा, माझ्या मते रात्रीचा घुमट जास्त छान दिसतो. आत ऑडिओ गाईडही फुकट मिळतो आणि तुम्ही घुमटातल्या वळणदार उतारावर जिथे पोचता त्यानुसार तो आपोआप बोलतो. सेल्फीसाठी धावत वर गेलात तर निम्मं निवेदन ऐकायचंच राहतं.

जुन्या यादीवर विसंबणं

'महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्रहालयं मोफत' हे अजूनही जिथे तिथे वाचायला मिळतं. ती योजना जुलै २०२१ मध्ये सुरू झाली आणि खर्चकपातीत डिसेंबर २०२४ ला बंद पडली. पेर्गामोन संग्रहालय तर ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, तरी लोक तिथला प्राचीन बॅबिलोनचा 'इश्तार दरवाजा कुठे' विचारत संग्रहालय बेटावर फिरत असतात. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या मुलांना मात्र तिकीट लागत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं. ज्यू संग्रहालयाचं मुख्य प्रदर्शन सगळ्यांनाच मोफत आहे, फक्त वेळ ऑनलाइन राखून ठेवा.

बर्लिनची भिंत बघायला चेकपॉइंट चार्लीला जाणं

फाळणीच्या काळात इथे पूर्व-पश्चिम सीमेची चौकी होती, पण आता उभी आहे ती नक्कल, भोवती खाण्याची आणि टोप्यांची दुकानं, आणि शेजारच्या खासगी संग्रहालयाला चांगलं घसघशीत तिकीट. दहा मिनिटं थांबा आणि पुढे निघा.

खरी भिंत समजून घ्यायची तर बेर्नाउअर श्ट्रास हा रस्ता गाठा. एस-बानने (शहरी रेल्वेने) नॉर्डबानहोफला उतरा, पण लगेच बाहेर पडू नका. फाळणीच्या काळात पश्चिमेच्या गाड्या पूर्व बर्लिनखालच्या ज्या बंद स्टेशनांतून न थांबता जात, त्यांचं प्रदर्शन स्टेशनातच आहे. बाहेर जुन्या सीमेचा सुमारे १.४ किलोमीटरचा पट्टा आहे. इथल्या घरांच्या भिंती पूर्वेत आणि दारापुढचा फुटपाथ पश्चिमेत होता, म्हणून १९६१ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. सीमापट्ट्यात अडकलेलं चर्च पूर्व जर्मनीने १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याच जागी आता मातीचं छोटं प्रार्थनाघर उभं आहे.

लोक चुकतात ते इथे: रस्त्यावरून भिंतीचा फोटो काढतात आणि परत फिरतात. समोरच्या माहिती केंद्राच्या मनोऱ्यावर चढा, तेही फुकट. दोन भिंतींमधली मोकळी पट्टी आणि टेहळणीचा मनोरा वरूनच दिसतो, खालून भिंत आड येते. पूर्ण पट्ट्याला दोन तास द्या. ईस्ट साइड गॅलरीची रंगीत भिंत वेगळी, सुमारे १.३ किलोमीटरची. ती सकाळी लवकर बघा, दुपारनंतर चित्रांपेक्षा पाठीच जास्त दिसतात.

सोमवार

बेर्नाउअर श्ट्रासचं केंद्र, होलोकॉस्ट स्मारकाखालचं माहितीदालन आणि फ्रीडरिशश्ट्रासचा 'अश्रूंचा महाल' (फाळणीच्या काळातलं सीमा ओलांडायचं दालन) तिन्ही मोफत आणि तिन्ही सोमवारी बंद. भविष्यावरचं प्रदर्शन असलेलं फ्युचुरियम मंगळवारी बंद. सोमवारी नाझी दहशतीवरचं टोपोग्राफी ऑफ टेरर गाठा, नाहीतर टेंपेलहोफच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर चाला.

होलोकॉस्ट स्मारकाच्या २७११ काँक्रीट ठोकळ्यांवर चढून फोटो काढू नका. ते बाकडे नाहीत.

तिकिटात काटकसर

जागा फुकट असली तरी बस फुकट नाही. १०० क्रमांकाची बस झू स्टेशनपासून अलेक्झांडरप्लात्सपर्यंत विजयस्तंभ, राइशटाग, संग्रहालय बेट असं सगळं साध्या तिकिटात दाखवते. टूर बसचे पैसे कशाला? पण कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारायला विसरलात तर ते विनातिकीटच धरलं जातं, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात. दंड ६० युरो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण त्यावर परतीचा प्रवास करता येत नाही. झाक्सेनहाउझेन या नाझी छळछावणीचा प्रवेश मोफत आहे, पण तिचं स्टेशन ओरानिएनबुर्ग शहराबाहेरच्या सी झोनमध्ये येतं, म्हणून एबीसी तिकीट घ्या. स्टेशनपासून वीस मिनिटं चालायचं आहे, त्यामुळे अर्ध्या दिवसात घाईने उरकायची ही जागा नव्हे.

'फ्री वॉकिंग टूर'वरून पसार होणं

गाईडचं पोट टिपांवर चालतं. शेवटच्या चौकात गर्दीतून सटकायचं असेल तर जाऊच नका.

पाणी आणि रविवार

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बाटली बरोबर ठेवा, उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया चालू असतात. विकत घेतलीच तर प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून ती परत मिळवा. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली सोडून. त्यामुळे पाव आणि फळं शनिवारीच घेऊन ठेवा.