कॅम्परव्हॅनचा एसी नुसता घुमतोय? आधी कपॅसिटर मोजा

मे महिन्यात गोव्यातल्या मोरजीला एका माडांच्या बागेत कोल्हापूरच्या एका कुटुंबाची कॅम्परव्हॅन उभी होती. मुलं घामाने निथळत होती, आजी दारात बसून पदराने वारा घेत होत्या. "मिस्त्री, वाटेत एकाने कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलंय. तुम्ही एकदा बघता का?" मी एसी चालू करायला लावला आणि छताकडे कान दिला. पंखा फिरत होता. मग हुंऽऽ असा जड आवाज, सात-आठ सेकंद, आणि टक्. पुन्हा शांत.

कॉम्प्रेसरच्या मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, जळून बॉडीला लागलं असेल तर एमसीबी (मेनजवळचा सेफ्टी स्विच) पडतो. मेन वाइंडिंग तुटलं असेल तर असा जड आवाज येत नाही. असा घुमून टक् करत असेल, तर कॉम्प्रेसर फिरायचा प्रयत्न करतोय आणि त्याला मदत मिळत नाहीये. टक् होतं ते ओव्हरलोडचं, म्हणजे तापल्यावर करंट तोडणाऱ्या स्विचचं, तो त्याला जळण्यापासून वाचवतो. म्हणून पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

ही मदत कपॅसिटर करतो. जात्याचा खुंटा नुसता सरळ पुढे-मागे ढकलला तर जातं अडतं. समोर दुसरी बसली आणि तिने थोड्या वेगळ्या वेळी ओढलं की ते गरगर फिरतं. सिंगल फेज मोटारीत मेन वाइंडिंग ही पहिली बाई, स्टार्ट वाइंडिंग ही दुसरी. दुसरीचा करंट थोडा पुढे सरकवून वेळ साधायचं काम कपॅसिटरचं. रनिंग कपॅसिटर कायम लाइनमध्ये असतो. काही एसींना जादा स्टार्टिंग कपॅसिटर असतो, तो सुरू होताना क्षणभरच लागतो आणि रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, त्याला बाजूला काढतो. इन्व्हर्टर एसीत आणि बॅटरीवरच्या डीसी एसीत कॉम्प्रेसरला हा रनिंग कपॅसिटर नसतो, तिथे हे सगळं लागू नाही.

दुकानात मागताना "कंडेन्सर द्या" म्हणू नका. पंख्याच्या कपॅसिटरला आपल्याकडे कंडेन्सर म्हणतात, पण एसीत कंडेन्सर म्हणजे बाहेरची कॉइल. यावरून घोळ होतात.

आता उघडण्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. मेन बंद करा, गाडीची बाहेरची पिन काढा, जनरेटर आणि बॅटरीवरचा इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. एवढं करूनही कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट राहू शकतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करू नका. २० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून टर्मिनलांवर दहा सेकंद टेकवा. तीन टर्मिनलांचा ड्युअल (कॉम्प्रेसर आणि पंखा दोघांसाठी एकच डबा) असेल तर प्रत्येक जोडीवर. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून शून्य दिसतंय ना ते बघा, आणि त्यानंतरच हात लावा.

वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, मग लग, म्हणजे वायरींच्या टोकांना बसवलेले धातूचे तुकडे, उपटा. कपॅसिटरचा डबा वरून फुगला असेल किंवा तेल गळलं असेल तर मोजायचीही गरज नाही. नाहीतर मीटर कपॅसिटन्सवर ठेवा, तो मायक्रोफॅरडमध्ये मोजतात. मोरजीच्या त्या डब्यावर ३५ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, असं छापलं होतं. म्हणजे ३३ च्या खाली चालणार नाही. मीटरवर १९ आले. मी मीटर गाडीमालकांनाच दाखवला.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. "मोठा टाका, जोर येईल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, त्याने स्टार्ट वाइंडिंग तापतं. व्होल्ट मात्र जास्त चालतात: ३७० च्या जागी ४४० चालेल, उलट नाही.

जोडताना नेहमी होणारी चूक म्हणजे ड्युअल कपॅसिटरवरचा 'सी' आणि कॉम्प्रेसरवरचा 'सी' एकच समजणं. कॉम्प्रेसरवर 'आर' म्हणजे मेन वाइंडिंगचं टोक, 'एस' स्टार्ट वाइंडिंगचं, 'सी' दोघांचं सामाईक. कपॅसिटरच्या 'सी'वर सप्लायची जी वायर येते, तीच कॉम्प्रेसरच्या 'आर'ला जाते. कपॅसिटरच्या 'हर्म'ची (कॉम्प्रेसरसाठीचं टर्मिनल) वायर 'एस'ला, 'फॅन'ची पंख्याला.

एसी चालू झाला, आजींनी पदर खाली ठेवला. पण मी लगेच सामान भरत नाही, कपॅसिटर का मेला ते बघतो. बागेतल्या घरातून ४० मीटरची एक स्क्वेअर एमएमची एक्स्टेंशन ओढली होती. जाऊन-येऊन ८० मीटर तांबं, साधारण दीड ओहम. सुरू होताना कॉम्प्रेसर ३० अँपिअर ओढतो असं धरा, म्हणजे चाळीसच्या वर व्होल्ट वायरीतच संपले. संध्याकाळी आधीच व्होल्टेज उतरलेलं असतं, मग कॉम्प्रेसर उठायला वेळ लावतो, आणि वाइंडिंग, ओव्हरलोड सगळंच तापतं. चार स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर तोच तोटा दहा-अकरा व्होल्टवर येतो. त्यात छतावरचं ऊन. कपॅसिटरचा खरा वैरी उष्णता आहे.

किनाऱ्यावर आणखी एक बघा, ते म्हणजे लग. खाऱ्या वाऱ्याने ते गंजतात, गाडीच्या धक्क्यांनी सैल होतात, आणि सैल लग तापतो. मी हिरवे पडलेले तिन्ही लग कापून नवे क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले, डब्याचा पट्टा घट्ट केला आणि मार्करने डब्यावर तारीख लिहिली. बंद केल्यावर तीन मिनिटं थांबूनच पुन्हा चालू करा, हे मुलांनाही सांगितलं, कारण रिमोट त्यांच्याच हातात होता.

कपॅसिटर बरोबर आणि व्होल्टेज चांगलं असूनही घुमतच असेल, तर वायरी काढून मीटरने वाइंडिंगचे ओहम मोजा. आर-सी आणि एस-सी यांची बेरीज आर-एसएवढी आली पाहिजे, आणि बॉडीला काहीच लागता कामा नये. तिथे गडबड निघाली, तरच कॉम्प्रेसरच्या खर्चाचं बोलणं काढा.