हळेकन्नड शिलालेख सापडला? या चुका टाळा

सोलापूर, अक्कलकोट, जत या पट्ट्यात पडक्या देवळाच्या आवारात किंवा पारालगत हळेकन्नड म्हणजे जुन्या कन्नडमधल्या लेखाचा दगड सापडला तर नवल नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा हा मुलूख. दगडाला खरा धोका असतो तो सापडल्यानंतरच्या पहिल्या तासात, आपल्याच हौसेचा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अक्षरांत खडू भरणं. गिरवताना आपण दगडावरचं अक्षर नाही, आपल्याला वाटलेलं अक्षर गिरवतो. कन्नड ‘व’ आणि ‘म’ दिसायला अगदी जवळचे. शेजारच्या भेगेतून खडू फिरला की अक्षर बदललं, आणि फोटोवरून वाचणारा अभ्यासक तेच वाचणार. तेल, शेंदूर, तारेचा ब्रश, ॲसिड यांचं तर नावच नको. माती बसली असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. ऑइलपेंट आधीच चढलेला असेल तर खरवडू नका, तो जाणकारांवर सोडा.

फोटोत अक्षरं उठत नाहीत? दुपारी काढला असेल. अंधार पडल्यावर जा, टॉर्च दगडाच्या कडेशी जवळजवळ आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. दिवसा कोरी वाटलेली पट्टी सावल्यांनी भरते, वेलांट्यासुद्धा मोजता येतात. प्रत्येक बाजूच्या उजेडात वेगळा फोटो घ्या, एकात शेजारी मोजपट्टी ठेवा.

काळ ठरवताना घाई होते. वर्षाचा आकडा दिसला की लोक तो शकाचा समजून इसवी सनासाठी ७८ मिळवून मोकळे. पण चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये स्वतःचा चालुक्य-विक्रम संवत सुरू केला. त्यातलं ३७वं वर्ष म्हणजे साधारण १११२. संवत्सराचं नाव, तिथी, वार जुळतात का, तेही बघा. शेवटी ‘स्वदत्तां परदत्तां वा’ हा संस्कृत श्लोक वाचून अख्खा लेख संस्कृत ठरवू नका. दानलेखात तो नेहमीचाच.

आणि दगड हलवू नका, खालच्या ओळींसाठी खणूही नका. दानलेखात शेताच्या सीमा सांगितलेल्या असतात, जागा सुटली की त्या जुळवणं अवघड होतं. लोकेशन नोंदवा, तहसीलदार आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. ठसा कागदावर जाणकारांनीच घ्यावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची कन्नड लेख पाहणारी शाखा मैसूरला आहे. तोवर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, या दगडाला ते काय म्हणतात, आणि तेही वहीत उतरवा.