नाचणाऱ्या मुलांसोबत काम करायचंय? आधी ‘नाही’ म्हणण्याची सोय करा

युवा नृत्य उपक्रमात सहायक म्हणून जायचं ठरवलंय आणि आपल्याला नाच पुरेसा येतो का, या काळजीत आहात? सोडा ती काळजी. येतो. नाच कमी पडला म्हणून या कामात कुणी अडकलेलं मी पाहिलेलं नाही. लोक अडकतात ते भलतीकडेच. त्यातल्या एका जागी मी स्वतः बराच काळ अडकून होते, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

प्राथमिक गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरते. वॉर्म-अप टाळायचा नाही, विषय मुलांकडून यावा, सादरीकरणानंतर प्रेक्षकांशी बोलायचं, वगैरे. ‘नृत्यातून नेतृत्व’, ‘नृत्यातून सामाजिक न्याय’ हे शब्द माहितीपत्रकात कसे बसवतात तेही पाहिलं असेल.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. त्यातली दुसरी पायरी म्हणजे ‘सजावट’. तिचं त्यांनी दिलेलं उदाहरण असं: मुलांना एखाद्या मोहिमेचे टी-शर्ट देतात, कार्यक्रमात गायला-नाचायला लावतात, आणि हे सगळं कशासाठी चाललंय हे मुलांना धड ठाऊकही नसतं. म्हणजे आपल्या कामाचं नाव या शिडीवर निघालं ते नेमकं इथे! वाचून मला आधी राग आला. मग घरातले तसले टी-शर्ट आठवले.

सजावट ओळखणं सोपं आहे. तालमीत कुठल्याही मुलाला बाजूला घेऊन विचारा, “या तुकड्यात तुमचा हात वर का जातो?” उत्तर “ताईंनी सांगितलंय म्हणून” असं आलं तर समजून जा.

दुसरा सापळा मात्र सजावट टाळायला निघालेल्या चांगल्या माणसांनीच लावलेला असतो. मी अडकले ती जागा हीच.

शाळेत असताना मी अशाच एका उपक्रमात नाचत होते. सगळं आमच्याकडूनच यायचं, खरंच. वर्तुळात बसायचं, एकेकानं आपल्याला झालेल्या अन्यायाची गोष्ट सांगायची, त्यातून हालचाली काढायच्या. मी घरातली एक गोष्ट सांगितली. सगळे गप्प झाले, दोघी-तिघी रडल्या, आणि माझी गोष्ट त्या नृत्याचा मधला तुकडा झाली. बाकीचे जागच्या जागी थिजायचे आणि मी गुडघ्यांवर पुढे यायचे. टाळ्या तिथेच पडायच्या. मग आणखी प्रयोग झाले, देणगीदारांसमोर झाला, व्हिडिओ निघाला. तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या नातेवाइकांपर्यंत पोचला. त्यानंतर घरी काय झालं ते इथे लिहीत नाही.

माझी संमती घेतली नव्हती असं वाटलं का? घेतली होती. कागदावर सही होती आणि दर प्रयोगाआधी “करशील ना गं?” असं प्रेमानं विचारलंही जायचं. मी दर वेळी हो म्हणायचे. जबरदस्ती कुणीच केली नाही, आणि म्हणूनच हे नीट समजून घ्या.

मी हो का म्हणत होते? एक तर विचारलं जायचं सगळ्यांसमोर, वर्तुळात. दुसरं, विचारणारी व्यक्तीच कोण पुढे नाचणार आणि कोण मागे हे ठरवायची. पण सगळ्यांत मोठं कारण रचनेत होतं. तो तुकडा काढला तर आख्खं नृत्य कोसळणार होतं. आधीचा भाग तिथे येऊन थांबायचा आणि पुढचा तिथूनच उठायचा. मी नाही म्हटलं असतं तर मैत्रिणींची महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती. एवढी किंमत मोजून कुठली शाळकरी मुलगी नाही म्हणेल? ज्या नकाराने प्रयोग मोडतो, तो द्यायची मुभा कागदावर असली काय आणि नसली काय.

म्हणून माझं म्हणणं असं की संमतीचा प्रश्न फॉर्म भरून सुटत नाही, तो कोरिओग्राफीत सोडवावा लागतो. नृत्य असं बांधा की कुठलाही तुकडा काढता येईल. संगीत तुकड्यातुकड्यांनी वेगळं ठेवा. दुसऱ्या भागाचं शेवटचं फॉर्मेशन आणि चौथ्याची सुरुवात एकमेकांना जुळायला हवी, म्हणजे तिसरा गळला तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. प्रत्येक तुकडा निदान दोघांना यायला हवा. आणि पहिल्या प्रयोगाआधी एकदा तरी ‘वजा तालीम’ घ्या, म्हणजे एक तुकडा काढून पूर्ण नृत्य करून बघा. (हे नाव मीच ठेवलंय, पुस्तकात शोधू नका.) मुलांच्या डोळ्यांदेखत तो तुकडा निघतो आणि काहीही बिघडत नाही. एकदा हे पाहिलं की कोण खरंच हो म्हणतंय ते कळायला लागतं. एखादी मुलगी त्या संध्याकाळी हळूच येऊन सांगते, “माझा काढा.” लगेच काढा. कारण विचारू नका.

विचारतानासुद्धा एकटीला विचारा, मध्ये एक रात्र जाऊ द्या, आणि विचारणारी व्यक्ती भूमिका वाटणारी नसावी. प्रेक्षक बदलले की पुन्हा विचारा. व्हिडिओचं तर वेगळंच विचारा, कारण प्रयोग संपतो, व्हिडिओ परत बोलावता येत नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही लागतेच, पण मुलाचा होकार ही वेगळी गोष्ट आहे. पालकांनी सही केली म्हणून तो आपोआप मिळत नाही.

आणि ज्याची गोष्ट त्यानेच नाचायची हा हट्ट कशाला? तपशील काढून टाका, एखादी हालचाल उचला, ती सगळ्या गटाला द्या. ऑगुस्तो बोआल या ब्राझिलियन रंगकर्मींच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा प्रसंग एकदा शेवटपर्यंत करून दाखवतात. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकातलं कुणीही “थांबा” म्हणून पीडित पात्राची जागा घेतं, वेगळं काही करून बघतं. नाचात हे छान जमतं. प्रश्न त्या मुलीवरून त्या परिस्थितीवर सरकतो, आणि मुलीला श्वास घेता येतो.

वर्तुळात काहीतरी भयंकर बाहेर आलंच तर? ते कुणाकडे न्यायचं हे पहिल्या सत्राच्या आधी ठरलेलं हवं. नृत्य-हालचाल उपचार (डान्स मूव्हमेंट थेरपी) हे स्वतंत्र प्रशिक्षणाचं शास्त्र आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून मुलांच्या जखमा उघडणाऱ्या लोकांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. कोलकाता संवेद ही संस्था सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये सुरू केली. मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत ती नृत्य-हालचाल उपचाराच्या पद्धतीने काम करते आणि त्यातल्याच काही जणी पुढे प्रशिक्षक होतात. नेतृत्व म्हणजे काय याचं मला पटलेलं उत्तर हेच. कधी काळी वर्तुळात बसलेली मुलगी आज ते चालवते आणि त्याचा पगार घेते.

बहुतेक ठिकाणी मात्र सगळ्यांत चांगलं नाचणाऱ्याला ‘लीडर’चा बिल्ला मिळतो. मला ही पद्धत अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा कामं वाटा आणि फिरवत ठेवा. आज वॉर्म-अप कुणी घ्यायचा, वेळ कुणी सांभाळायची, नव्या मुलाला काउंट कुणी समजवायचे. झुंडीचा खेळ तुम्हाला माहीत असेलच. गट एका दिशेला तोंड करून उभा राहतो, सर्वांत पुढचा हलतो तसे सगळे हलतात, गट वळला की पुढारी बदलतो. पुढे कोण आहे हे प्रेक्षकाला कळेनासं झालं की खेळ जमला. तो दर सत्रात घ्या. लाजाळू मुलं यात जे करतात ते भाषणाच्या स्पर्धेत कधीच दिसणार नाही.

अभिप्राय देण्यासाठी अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची चार टप्प्यांची पद्धत शिकून घ्या. आधी पाहणारे आपल्याला काय भिडलं ते सांगतात, मग कलाकार स्वतःचे प्रश्न विचारतो, मग पाहणारे तटस्थ प्रश्न विचारतात, आणि मत सगळ्यांत शेवटी, तेही कलाकाराने परवानगी दिली तरच. तिसऱ्या टप्प्यावर दमछाक होते. “शेवट इतका लांब का ठेवला?” हा तटस्थ प्रश्न नाही. “शेवटाची लांबी कशी ठरवली?” हा आहे. मुलांना हे मोठ्यांच्या आधी जमतं.

न्यायाचे विषय मुलं शोधतीलच. तुम्ही आधी बघा की आपल्या तालमीत कोण नाही. तालमीची वेळ, जिना, ऑडिशन, पोशाखाचा खर्च यांनी कोण बाहेर राहिलं? सेलेस्ट डँडेकर आणि अ‍ॅडम बेंजामिन यांनी १९९१ मध्ये कँडोको ही ब्रिटिश नृत्यसंस्था सुरू केली तेव्हापासून अपंग आणि बिगर-अपंग नर्तक एका रंगमंचावर व्यावसायिक काम करत आलेत. त्यामुळे “व्हीलचेअरवरच्या मुलाला काय देणार?” असं कुणी विचारलं की मला उत्तर द्यावंसंही वाटत नाही. स्टेप कुठून घेतली तेही सांगा. गमबूट नृत्य दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबणाऱ्या काळ्या मजुरांनी घडवलं. मुलांना नुसतं “बुटावर थाप मारा, मजा येते” असं शिकवणार असाल तर न्यायाचा धडा तिथेच बोंबलला.

गुरूंबद्दल एवढंच सांगते की जे सत्रात कोपऱ्यात गप्प बसू शकतात त्यांच्या हाताखाली शिका. सतत आरशासमोर स्वतःच नाचणारे, “आमच्या वेळी आम्ही फुकट केलं” म्हणणारे, यांच्याकडून स्टेप्स जरूर घ्या, बाकी काही नको. मानधन पहिल्याच भेटीत विचारा. सुरुवातीला एवढ्यावर भागत नाही, दुसरं काम धरून ठेवा. त्यात कमीपणा नाही, मीही अजून तेच करते.

आणि पहिली काही सत्रं वाईट जातील. मुलं मोबाईल बघतील, भिंतीला टेकून उभी राहतील, वर्तुळात “काही नाही” एवढंच म्हणतील. घाबरू नका. ती तुम्हाला ओळखत नाहीत, मग त्यांनी तुम्हाला काही सांगावं तरी का? झुंडीचा खेळ घ्या, गाणी त्यांना निवडू द्या, आणि ठरलेल्या वेळी सोडा.